धाव, रबर आणि चारशे मिलिमीटर पाऊस

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा देऊ?" गिऱ्हाईकही त्याच तयारीने गेलेले असते. शेजाऱ्याने अमुक घातला, मेहुण्याचा तमुक साठ हजार चालला, एवढ्या भांडवलावर चार टायरांचा सौदा होऊन जातो. गाडी कुठल्या रस्त्यावर चालते, किती ओझे वाहते, उन्हात किती उभी राहते, तिला कोणता पाऊस लागतो, हे विचारायचे राहूनच जाते. हा उलटा क्रम माझ्या मते अलीकडचा आहे. आपल्याकडे चाकाला काय चढवायचे हा प्रश्न टायर येण्याच्या कितीतरी आधीपासून विचारला जातो आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर जमिनीने, हवेने आणि ओझ्याने दिलेले आहे. त्या उत्तरांचा हा मागोवा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला मध्ये ठेवून घेतलेला.

हिवरे बाजार नगर शहरापासून सतराएक किलोमीटरवर, कल्याण रस्त्याच्या अंगाला. सह्याद्रीने ढग अडवल्यावर जे उरते ते या गावाच्या वाट्याला येते. वर्षाकाठी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहून बराच कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. पुढे पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, डोंगरउतारावरचे समतल चर यांच्या बळावर गाव उभे राहिले. २००७ साली गावाला राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्यातली एकच गोष्ट मला इथे हवी आहे. हे गाव पर्जन्यमापकात पडलेला पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते आणि त्या वर्षी काय पेरायचे ते त्यावरून ठरवते. ऊस, केळी नाहीत. शेतीसाठी बोअरवेल नाही. पाऊस हात आखडून पडला तर कमी पाण्याच्या पिकांवर भागवायचे. बाजारात कशाला भाव आहे हा विचार नंतरचा, आपल्या शिवारात किती पडले हा आधीचा. टायर निवडायची शिस्तही हीच असायला हवी.

रबराच्या आधी चाकाला धाव होती. बाभळीच्या लाकडाचे चाक, मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर लाकडी घेर आणि त्या घेरावर लोखंडी पट्टीचे कडे, ती धाव. लाकूडकाम सुताराचे, धाव लोहाराची. दोघेही बलुतेदार, दोघांचे बलुते सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने चुकते होई. धाव बसवण्याचे काम पाहण्यासारखे असते. पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. ते जमिनीवर आडवे टाकून भोवतीने गोवऱ्या रचतात आणि पेटवून देतात. लोखंड लाल होते, तापून थोडे फुगते. मग तिघे-चौघे लांब पकडींनी ते उचलून चाकावर आणतात आणि घणाचे ठोके घालत सर्व बाजूंनी एकसारखे खाली बसवतात. लाकूड लगेच धुमसायला लागते, धूर डोळ्यांत जातो, कुठे कुठे जाळही निघतो. तेवढ्यात घागरीच्या घागरी पाणी ओतायचे. लोखंड आक्रसते, चाकाचे सगळे सांधे करकरत आवळले जातात, आरे तुंब्यात आणखी रुततात. कडे वाजवीपेक्षा लहान झाले तर चाकाचा आकार बिघडतो, मोठे राहिले तर धाव टिकत नाही. लोहाराचे कसब त्या किंचितशा फरकात असे.

हवामानाचा हिशेब इथूनच सुरू होतो. कोरड्या हवेत लाकूड सुकते, घेर बारीक होतो आणि धाव ढिली पडते. कोकणातल्या दमट हवेत हा त्रास कमी. नगर, पारनेर, पाथर्डीच्या बाजूला मात्र चैत्र-वैशाखात चाके खडखडायला लागत. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे चाके ओढ्यात किंवा डोहात भिजत घालायची, लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट बसते. पण ज्या उन्हाळ्यात ओढाच कोरडा पडला, त्या उन्हाळ्यात पाचरी ठोकून दिवस काढायचे, नाहीतर लोहाराकडे जाऊन कडे तोडून, आखूड करून, पुन्हा जोडून घ्यायचे. दुष्काळ माणसाला आणि जनावराला जाचतो तसा तो चाकालाही जाचत असे.

आऱ्यांची ही हलकी गाडीसुद्धा आपण समजतो तेवढी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देशावरची बहुतेक मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांतून होत होती. गाडे होते ते भरीव चाकांचे, अवजड, गावाच्या शिवारापुरते. १८३० च्या दशकात पुणे-सोलापूर रस्त्याचे काम चालू असताना गेस्फर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्या बांधण्याचा कारखाना चालवला. रस्ता आधी झाला, त्याच्याजोगे चाक मागून आले. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच क्रम दिसतो.

धावेचा दोष असा की ती अरुंद आणि कठीण असते. भरलेल्या गाडीचा सगळा भार दोन बोटे रुंदीच्या लोखंडावर येतो. कडक जमिनीवर ती सहज चालते, बैलांना ओढायला हलकी जाते. पण खडीच्या रस्त्याचा ती भुगा करते आणि काळ्या रानात पावसाळ्यात आखापर्यंत रुतते. एका गाडीच्या चाकोरीतून दुसरी जाते, चाकोरी खोल होते, मग कुठल्याच गाडीला बाहेर पडता येत नाही. बैलगाड्यांच्या धावा रस्ते खातात ही रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची तक्रार पार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती, आणि ती खरी होती.

आता रबराकडे वळू. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने ते गंधकाबरोबर तापवले आणि हा दोष गेला. म्हणजे टायरचा जन्म होण्याआधीच हवामानाचा प्रश्न सोडवावा लागला होता. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण रस्त्यावर धावणाऱ्या मोटारी अजून आलेल्या नव्हत्या, पेटंट कागदावर राहिले. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तिचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. या वेळी सायकलचे युग आलेले होते, म्हणून ती चालली. मधल्या काळात, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या हजारो बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. तिथून रोपे सिलोन आणि मलायात पोहोचली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी केरळात पेरियार नदीच्या काठी रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. भारतातला पहिला टायर कारखाना डनलॉपनेच १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला काढला. मग मुंबईत फायरस्टोन आली. १९५८ साली इटलीतल्या तुरिन शहरातून आलेली सिएट भांडुपला उभी राहिली. आणि मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे बनवणारी एमआरएफ टायरकडे वळली. गोव्यात फोंड्याजवळ उसगावला तिचा मोठा कारखाना आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपानने मलाया घेतले आणि जगाचा रबराचा पुरवठा तुटला. अमेरिकेने घाईने कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. आज आपल्या गाडीच्या टायरमध्ये केरळच्या झाडाचा चीक असतो तसेच पेट्रोलियमपासून केलेले रबरही असते. दोघांचे प्रमाण कंपनी टायरच्या कामाप्रमाणे ठेवते. अवजड वाहनांच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त, कारण ते उष्णता कमी धरते. मोटारीच्या टायरमध्ये कृत्रिम रबराला मोठी जागा, कारण पकडीचा आणि झिजेचा मेळ त्यात घालता येतो.

नगर जिल्ह्यात टायर सर्वसामान्यांच्या आयुष्यात आला तो एसटीच्या पायाने. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली बस नगरहून पुण्याला निघाली. ती बेडफर्डची होती. हाच मार्ग पहिला असावा याचा या जिल्ह्याला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. तेव्हाच्या रस्त्यांवर, तेव्हाच्या उन्हात टायर फार काळ टिकणे कठीण होते. एसटीने पुढे टायर पुनःस्तरणाचे, म्हणजे बोलीत ज्याला आपण रिमोल्डिंग म्हणतो त्याचे, स्वतःचे कारखाने उभे केले. टायरचा सांगाडा शाबूत असेल तर वरचा घासलेला थर काढून नवा चढवायचा. धाव तोडून पुन्हा जोडणाऱ्या लोहाराचेच हे काम, फक्त भट्टी बदलली.

पण या जिल्ह्याचा खरा टायर एसटीचाही नाही आणि मोटारीचाही नाही. तो बैलगाडीचा टायर. १९५० साली प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. एकामागून एक कारखाने निघत गेले, आणि उसाची मोळी फडातून गव्हाणीपर्यंत वेळेत पोहोचवणे हा पोटाचा प्रश्न झाला. तोडलेल्या उसाचा उतारा तासातासाने घसरतो. धावेची गाडी ओल्या फडात रुतायची आणि टनभर ओझ्याला कुरकुरायची. रबरी टायर, पोलादी आख आणि बेअरिंग असलेली गाडी दोन टन आणि त्याहून जास्त ऊस घेऊन फडातून बाहेर येऊ लागली. लोक तिला टायरगाडी म्हणतात, कुठे डनलॉपची गाडी म्हणतात, मग टायर कुठल्याही कंपनीचा असो. ऊसतोडीच्या हिशेबात डोकी सेंटर, गाडी सेंटर आणि टायर सेंटर असे भाग पडले. पाथर्डी आणि बीडकडून आलेल्या जोडप्याने कोयता घ्यायचा, बैल स्वतःचे आणायचे, टायरगाडी कारखान्याची भाड्याने घ्यायची. ते भाडे मजुरीतून वळते होते.

टायरगाडीचे गुणगान पुष्कळ झाले. मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. रुंद रबराने रस्ता वाचवला, हे निर्विवाद. शेतातून ओढताना बैलांवरचा ताण कमी झाला, हेही मोजून सिद्ध झालेले आहे. पण चाक हलके चालू लागले म्हणून माणसाने ओझे वाढवले. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. देशात तेव्हा दीड कोटीच्या घरात बैलगाड्या होत्या. गाडी सुधारताना जनावराच्या हालांचा विचार सुटता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. तो आपण ऐकला नाही. गळीत हंगामात चढावर गुडघे टेकणारी बैलजोडी पाहिली की दोष टायरचा नसतो हे कळते. ज्या ओझ्यासाठी चाक, जू आणि बैल आहेत त्याच्या पुढे जाण्याची ती सवय आहे, आणि मोटारीच्या बाबतीतही ती आपल्याला सोडत नाही.

हिवरे बाजारने उसाला नाही म्हटले. त्यामुळे साखर पट्ट्याची टायरगाडी हे या गावाचे वाहन झाले नाही. गावाचे ओझे वेगळे आहे, ते दुधाचे आहे. डोंगर राखले, चराई बंद झाली, गवत कापून आणायचा शिरस्ता पडला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध चार हजार लिटरच्या घरात गेले. चार हजार लिटर दूध म्हणजे रोज चार टनांहून जास्त वजन, आणि तेही सकाळ-संध्याकाळ, न चुकता. कांद्यासारखे हंगाम संपला की थांबणारे हे ओझे नाही. जिल्हाभर दूध असेच वाहते: मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवलेले कॅन, पिकअप, आणि २००५ साली पुण्यात तयार होऊ लागलेला टाटाचा छोटा हत्ती, ज्याच्या बारा इंची बारक्या चाकांवर काय काय लादले जाते ते प्रत्येक बाजार समितीच्या दारात दिसते. गावोगाव पोहोचलेले रस्तेही याच काळातले. त्यांचा पाया बऱ्याच ठिकाणी बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या हातांनी घातला, आणि २००० नंतर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने त्यावर डांबर पडले.

मोटारीच्या टायरमध्ये मोठा बदल झाला तो आतल्या धाग्यांच्या मांडणीत. जुन्या टायरमध्ये कापडाचे थर एकमेकांना तिरपे छेदत जात. अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे अशाच टायरवर चालल्या. १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिनने धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे टाकले आणि वरून पोलादी तारांचा पट्टा बांधला, हा रेडियल. बाजू लवचीक, माथा ताठ. टायर कमी तापतो, रस्त्याला सपाट टेकतो, जास्त चालतो. भारतात जेकेने १९७७ साली रेडियल आणला, पण तो सगळीकडे पसरायला बराच काळ गेला, कारण रेडियलची बाजू पातळ असते आणि आपले रस्ते खड्ड्यांचे होते. इथेही रस्ता सुधारेपर्यंत चाक थांबून राहिले. आज मोटारींमध्ये रेडियलच असतो आणि तो बहुधा ट्यूबलेस असतो.

तेव्हा हिवरे बाजारसारख्या गावातल्या, किंवा नगरमधल्या, किंवा असाच पाऊस असलेल्या कुठल्याही ठिकाणच्या मोटारमालकाने काय पाहावे? पहिली गोष्ट ऊन. इथे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. टायर फुटतो तो बाहेरच्या उन्हाने कमी, आतल्या उष्णतेने जास्त. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते; त्या दुमडण्याने रबर आतून तापते, थर सुटतात आणि वेगात असताना टायर फाटतो. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून दोन-चार पौंड कमी ठेवा, हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो घातक आहे. तापल्यावर दाब वाढणार, हे धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी तिथेच वेगळा, जास्तीचा आकडा असतो. हवा सकाळी, गाडी न चालवता तपासायची.

दुसरी गोष्ट वय. गावातली मोटार पुष्कळदा कमी चालते: लग्नकार्य, दवाखाना, आठवड्याचा बाजार. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर झाले तर झाले. अशा गाडीच्या टायरची नक्षी शिल्लक असते आणि रबर म्हातारे झालेले असते. अंगणात उन्हात उभी असलेली गाडी असेल तर बाजूवर बारीक भेगांचे जाळे दिसू लागते. म्हणून जास्त चालणाऱ्याने नक्षी मोजावी आणि कमी चालवणाऱ्याने तारीख वाचावी. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळतो म्हणून दोन-तीन वर्षे दुकानात पडलेला टायर घेऊ नये. पाच-सहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, जाणत्याकडून तपासून घ्यावा.

तिसरी गोष्ट काटा. ज्या बाभळीच्या लाकडाचे चाक होते, तिचाच काटा आज टायरचा वैरी आहे, आणि वेड्या बाभळीचा त्याहून वाईट. हा काटा बोटभर लांब, सरळ आणि टणक. तो आत शिरतो आणि बहुतेक वेळा मोडतो. टोक आत, बुंधा बाहेर पडून गेलेला. ट्यूबचा टायर असेल तर पंक्चरवाला ट्यूबला पट्टी मारतो, पण टोक टायरच्या थरात राहिलेले असते. दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा पंक्चर. चांगला कारागीर पट्टी मारण्याआधी टायरच्या आत कापड फिरवतो. कापड जिथे अडकते तिथे काटा. मग पक्कडीने तो बाहेर ओढतो. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते, गाडी गावापर्यंत येते. म्हणून बांधाबांधाने, पाणंदीतून जाणाऱ्या गाडीला ट्यूबलेसच बरा. बोलेरोसारख्या गाडीसाठी जाड, खोल नक्षीचा ऑल-टेरेन टायर मिळतो, जो काट्याला आणि काळ्या खडीच्या धारेला चांगले तोंड देतो. पण तो डांबरावर आवाज करतो, डिझेल जास्त पितो आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबतो. गाडीचा निम्म्याहून जास्त प्रवास खरोखर कच्च्या वाटेचा असेल तरच तो घ्यावा. केवळ रुबाबासाठी घेतलेला ऑल-टेरेन टायर पैसे आणि सुरक्षितता दोन्ही घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच रुंद, बसक्या टायरांचे आणि मोठ्या अलॉयचे. अल्टोला कंपनीने १४५/८० आर १२ दिला. त्यातला ८० हा आकडा सांगतो की बाजूची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के आहे. ती उंची म्हणजे खड्ड्यात रिमला वाचवणारी उशी. ती कमी केली की पहिल्या मोठ्या खड्ड्यात बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

आता पाऊस. चारशे मिलिमीटरच्या गावात पावसाचा टायर कशाला, असे वाटेल. पण गाडी गावात थांबत नाही. कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटात शिरले की काही तासांत आपण पर्जन्यछायेतून महाराष्ट्रातल्या सगळ्यात ओल्या पट्ट्यात येतो, जिथे हिवरे बाजारच्या वर्षाचा पाऊस जुलैमध्ये काही दिवसांतच पडून जातो. मुंबईला नातेवाईक असलेल्या, भाजीपाला किंवा दूध घेऊन कल्याणला जाणाऱ्या प्रत्येकाची ही वाट. नव्या मोटारीच्या टायरला साधारण आठ मिलिमीटर खोल खाचा असतात. त्यांचे काम एकच, चाकाखालचे पाणी बाजूला फेकणे. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालते आणि खाचेतल्या उंचवट्यांशी नक्षी सपाट झाली की ती हद्द संपली असे समजावे. पण तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घाटातल्या वाहत्या पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेक ऐकत नाही. म्हणून ज्याला पावसाळ्यात माळशेज उतरायचा आहे त्याने टायर मेमध्ये बदलावेत, दिवाळीला नाहीत. टायर जास्त चालावा म्हणून रबर कठीण केले तर ओल्यात पकड कमी होते. तीन-चार हजार किलोमीटर जास्त मिळण्यासाठी घाटात ती किंमत मोजू नये. २०२२ साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ओल्या रस्त्यावरची पकड, चालण्यातला विरोध आणि आवाज यांची किमान पातळी टायरसाठी बंधनकारक करण्याचा नियम आणला, ते या दृष्टीने फार चांगले झाले.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला समृद्धी महामार्ग आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि ताशी १२० चा वेग कायदेशीर झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता, उन्हाळा, तासन् तास एकच वेग आणि हवा कमी असलेले जुने टायर यांतून अपघात झाले. त्यानंतर प्रवेशावर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली. टायरवर आकारानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा एका टायरने पेलायच्या वजनाचा, अक्षर वेगाचे: ८२ म्हणजे ४७५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. वेगाची मर्यादा पुरेशी असते, चूक होते ती वजनात. सहा माणसे, टपावर सामान, मागे कांद्याच्या गोण्या, आणि हवा नेहमीचीच. टायरगाडीच्या बैलांवर जे लादले गेले तेच मोटारीच्या मागच्या दोन टायरांवर लादले जाते.

परदेशातून आलेला सल्ला जसाच्या तसा घेऊ नये हेही याच हिशेबात येते. फिनलंडच्या नोकियन टायर कंपनीने १९३४ साली बर्फासाठी पहिला टायर केला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला डिसेंबर ते मार्च असे टायर कायद्यानेच घालावे लागतात, कारण सात अंशांच्या खाली साधे रबर कडक होते. तिकडचे ऑल-सीझन टायर सौम्य हिवाळा धरून केलेले असतात. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टायर त्या अर्थाने उन्हाळीच आहेत, आणि नगरच्या डिसेंबरातल्या पहाटेलाही ते पुरतात.

एवढे सगळे दुकानात आठवणार नाही. म्हणून पुढच्या वेळी टायर घ्यायला जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: वर्षाला गाडी किती चालते, त्यातली किती कच्च्या वाटेवर, जास्तीत जास्त किती माणसे आणि सामान, आणि पावसाळ्यात घाट उतरता का. दुकानदाराने कंपनीचे नाव विचारण्याआधी हा कागद त्याच्या हातात द्या. टायर बसवून झाले की तारखेचे चार आकडे स्वतः वाचा, चारही चाकांत तुमच्यासमोर हवा भरून घ्या आणि डिकीतल्या स्टेपनीतही भरायला सांगा.